तीन षड्जांपासून एका षड्जापर्यंत

सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या कारकिर्दीची एक सोपी मांडणी नेहमी ऐकू येते: आधी त्याने कॉर्डांचा गुंता वाढवला, मग तो भारतीय संगीताकडे वळला आणि सगळं साधं झालं. मला ती पटत नाही. तारखाच तिच्या आड येतात.

२२ एप्रिल १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’चं शेवटचं ध्वनिमुद्रण झालं. त्यातल्या ‘फ्लामेंको स्केचेस’मध्ये मोजक्याच स्वरसप्तकांचा क्रम ठरलेला होता आणि प्रत्येक सप्तकात हवं तेवढं रेंगाळायची वादकाला मुभा होती. कोल्ट्रेन त्यात वाजवत होता. जेमतेम दोन आठवड्यांनी, मे महिन्यात, स्वतःच्या नावावर त्याने ‘जायंट स्टेप्स’ मुद्रित केलं आणि तिथे रेंगाळायला तसूभरही जागा ठेवली नाही. षड्ज गंधारावर सरकतो, तिथून त्याच्या गंधारावर, आणि तिसऱ्या झेपेत घरी पोहोचतो. १६ बारांत २६ कॉर्ड, तेही अतिद्रुत लयीत. पियानोवर टॉमी फ्लॅनगनसारखा कसलेला वादक, पण त्याचं एकलवादन अडखळत, तुटक कॉर्डांवर येऊन थांबतं, हे आजही स्पष्ट ऐकू येतं. (१९८२ साली फ्लॅनगनने कोल्ट्रेनच्या स्मरणार्थ त्याच नावाचा आल्बम काढला, याचं मला फार अप्रूप वाटतं.)

म्हणजे दोन्ही वाटा एकाच वेळी चालू होत्या. दोन्हींच्या मुळाशी एकच हट्ट होता: हाती आलेल्या स्वरसामग्रीतली एकही शक्यता तपासल्यावाचून सोडायची नाही. या हट्टाची सुरुवात आधीच झाली होती. १९५७ साली व्यसनापायी डेव्हिसने त्याला काही काळ आपल्या गटातून काढलं, त्याने हेरॉइन सोडलं आणि तो थेलोनियस मंककडे गेला. ‘फाइव्ह स्पॉट’ क्लबमध्ये मंक पियानो सोडून खुशाल उठून जाई, मग बास आणि ड्रम यांच्या भरवशावर कोल्ट्रेन एकटाच वाजवत राही. एका कॉर्डवर तीन-तीन कॉर्ड बसवून पाहायची सवय त्याच काळातली. समीक्षक आयरा गिटलरने १९५८मध्ये त्याच्या वादनाला ‘शीट्स ऑफ साउंड’ म्हटलं, ते या ओसंडून वाहणाऱ्या स्वरांमुळे.

१९६०च्या ‘माय फेव्हरिट थिंग्ज’मध्ये तोच हट्ट दोन कॉर्डांच्या आवर्तनावर येऊन ठाकला. पुढच्या वर्षी ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ क्लबमध्ये त्याने ‘इंडिया’ वाजवलं, खाली दोन-दोन बास ठेवून. रविशंकरांचं वादन तो मन लावून ऐकत होता. १९६५ साली जन्मलेल्या मुलाचं नाव त्याने रवी ठेवलं. पण रागसंगीताने त्याला नवी दिशा दिली असं म्हणणं मला जास्तीचं वाटतं. एका स्वराशी टिकून विस्तार करता येतो, याची खात्री त्याला तिथे मिळाली. ‘डाउनबीट’ मासिकातल्या एका समीक्षकाने ‘इंडिया’च्याच सुमारास त्याला जॅझविरोधी ठरवलं.

डिसेंबर १९६४च्या ‘अ लव्ह सुप्रीम’मध्ये हे सगळं एकवटतं. पहिल्या भागात बास चार स्वरांची एक आकृती धरतो. भाग संपत आला की कोल्ट्रेन तीच आकृती उचलून बाराही स्वरस्थानांवर फिरवतो. पायाचा स्वर जागचा हलत नाही, आकृती मात्र सगळीकडे जाऊन येते. ‘जायंट स्टेप्स’चा प्रवास एका षड्जाच्या आत केलेला आहे हा. शेवटच्या भागात तर तो मुखपृष्ठाच्या आत छापलेली स्वतःची प्रार्थना अक्षर-अक्षर सॅक्सोफोनवर म्हणतो. त्याचे दोन्ही आजोबा चर्चमधले धर्मोपदेशक होते; त्या प्रवचनाची चढण-उतरण इथे ऐकू येते.

पुढचं संगीत पुष्कळांना सोसत नाही. १९६५चं ‘असेन्शन’ अकरा जणांचं. वर्षअखेरीस त्याचा पियानोवादक मॅकॉय टायनर निघून गेला, मग ड्रमवादक एल्विन जोन्स. फेब्रुवारी १९६७मध्ये, मृत्यूच्या पाच महिने आधी, कोल्ट्रेन आणि ड्रमवादक रशीद अली स्टुडिओत दोघेच होते. ‘इंटरस्टेलर स्पेस’मध्ये षड्ज धरायला बास नाही, कॉर्ड दाखवायला पियानो नाही. अनेकांना ती नुसती आरडाओरड वाटते. मी ती ‘जायंट स्टेप्स’च्या लागोपाठ लावून ऐकतो: खालच्या पट्टीतली एक आकृती, तिला लगेच वरच्या पट्टीतून उत्तर, मग तीच दुसऱ्या स्वरावरून. तपासणी तीच चालू आहे, आता पाया आणि विस्तार दोन्ही त्याच्या एकट्याच्या श्वासावर आहेत.