ओटी नसलेले घर

प्रवासात हाल सोसल्यावाचून त्याचे पुण्य पदरी पडत नाही, हा समज आपल्याकडे फार जुना आहे. पायी केलेली यात्रा तीच खरी, वाहनात बसून केलेली निम्मी, असा हिशेब आपल्या वडीलधाऱ्यांनी मांडून ठेवला होता. आता यात्रेची जागा सहलीने घेतली. हिशेब मात्र तोच राहिला. राहुटी ठोकून उघड्यावर रात्र काढणारा गृहस्थ चाकांवरच्या घरात निजणाऱ्याकडे किंचित तुच्छतेने पाहतो. आणि हा दुसरा गृहस्थ त्यास उलट विचारतो, की वाळूत पाठ मोडून घेण्यात नीतीचा असा कोणता अंश आहे? वाद वरवर पाहता करमणुकीचा दिसतो. परंतु सोय आणि साधेपणा यांत श्रेयस्कर काय, हा जुनाच प्रश्न त्याच्या पोटी आहे. आम्ही सहकुटुंब दोन्ही पक्षांत राहून पाहिले असल्यामुळे त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहो.

आमचे वास्तव्य रत्नागिरीस. येथे जून ते सप्टेंबर राहुटीचे नावच काढावयास नको. जेथे वर्षास तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, तेथे कापडाच्या छपराची काय कथा! पण दिवाळी उलटून हवा कोरडी झाली, की आम्ही पतिपत्नी व दोन मुले असे चौघे एक राहुटी, एक स्टोव्ह आणि दोन घागरी घेऊन पूर्णगडच्या बाजूस एका वाडीजवळ, सुरूच्या बनाच्या आडोशास जात असू. वाळूत खुंटी ठरत नाही; पिशव्या वाळूने भरून, त्यांस दोर बांधून त्या खोल पुराव्या लागतात. हे ज्ञान आम्हांस पुस्तकातून नव्हे, तर पहिल्याच रात्री राहुटी अंगावर आल्यानंतर एका वृद्ध मच्छीमाराकडून मिळाले. असे बारा हिवाळे गेले. पुढे २०२१ साली राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले, तेव्हापासून अशा फिरत्या घरांची चर्चा कानी येऊ लागली. आणि गेल्या हिवाळ्यात आम्ही राहुटी माळ्यावर टाकून तसले एक वाहन चार दिवसांच्या भाड्याने घेतले. टेम्पोच्या सांगाड्यावर बांधलेले ते घर. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, न्हाणीघर, आणि आतून लागणारी कडी.

हा पालट आम्ही केवळ सुखलोलुपतेने केला असे नाही. आमच्या मातोश्रींनी ऐंशी ओलांडली आहे. त्यांस जमिनीवर बसता-उठता येत नाही, आणि रात्री दोनदा तरी उठावे लागते. अर्थात बाराही वर्षे त्या घरी राहिल्या. "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते," हे त्यांचे वाक्य आम्ही त्यांच्या समाधानाची खूण मानीत आलो. ते समाधान नव्हते, समजूतदारपणा होता, हे कळावयास आम्हांस बारा वर्षे लागली. आमच्या साधेपणाचा आम्हांस अभिमान होता. त्याची किंमत मात्र दुसरेच कोणी मोजीत होते.

येथे साधेपणाच्या पुरस्कर्त्यांस एक गोष्ट नम्रपणे विचारावीशी वाटते. हाल हा स्वतःच गुण आहे काय? तसे असते तर सर्वांत अधिक हालात राहणारा तो सर्वांत अधिक सज्जन ठरता. पंढरीच्या वाटेकडे पाहावे. आळंदीहून निघणाऱ्या ज्ञानेश्वरांच्या पालखी सोहळ्यास हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात आजचे रूप दिले. आज त्या वाटेवर दिंडीच्या राहुट्या, शिधा, भांडीकुंडी मालमोटारीतून पुढच्या मुक्कामी जातात. पाय सुजलेला म्हातारा वारकरी त्याच मोटारीत चढून बसतो, आणि त्यामुळे त्याची वारी बुडाली असे कोणी म्हटल्याचे आम्ही ऐकले नाही. उलट बाजूही पाहावी. इरावती कर्वे यांनी 'वाटचाल' या लेखात आपल्या दिंडीचे वर्णन केले आहे. दिवसभर एकत्र चालणारी, एकत्र अभंग गाणारी माणसे जेवावयाच्या वेळी मात्र जातीजातीने वेगळी बसत, याची खंत त्यांनी त्यात बोलून दाखविली आहे. तेथे चालणे पायी होते, राहणी साधी होती; तरी पंगत तुटलेलीच होती. तेव्हा हाल आणि सोय यांच्या तराजूत हा प्रश्न तोलता येणार नाही. एखाद्या राहणीची परीक्षा करावयाची तर ती कोणास आत घेते आणि कोणास बाहेर ठेवते, हे विचारावे. या कसोटीस आमची राहुटी उतरली नाही, एवढे तरी आम्ही कबूल केले पाहिजे.

मग फिरते घर उतरले काय? हौसेखातर असे घर बांधून घेणाऱ्यांत गॉर्डन स्टेबल्स हे इंग्लंडातील एक डॉक्टर अग्रणी मानले जातात. त्यांनी ब्रिस्टलच्या कारखान्यात 'वाँडरर' नावाचे घोड्यांचे घर बनवून घेतले, आणि १८८५ साली ते ट्वायफर्डहून उत्तरेस इन्व्हरनेसपर्यंत नेले. आपण सर्वस्वी स्वतंत्र झालो, अशी त्यांची भावना असावी. परंतु गाडी हाकावयास एक गाडीवान होता, आणि रस्ता मोकळा करावयास तीनचाकी सायकलवरून पुढे जाणारा एक नोकरही होता. स्वयंपूर्णतेच्या पोटात दुसऱ्याचे श्रम असतात; फक्त ते दृष्टीस पडणार नाहीत अशी व्यवस्था केलेली असते. आमच्या गाडीतील टाकीचे पाणी, विजेचा साठा, डब्यातील शिधा ही सारी कोणाची तरी मेहनतच होती. पण तिला चेहरा नव्हता.

याचा प्रत्यय आम्हांस पहिल्याच संध्याकाळी आला. वाडीत उतरणारी पाखाडी पायऱ्यांची. तेव्हा गाडी जेथे डांबरी रस्ता संपतो तेथेच उभी केली. मातोश्रींनी खिडकीतून मावळता सूर्य पाहिला, त्यांस आनंद झाला, आम्हांस कृतार्थ वाटले. दिवेलागणीस त्या म्हणाल्या, "अरे, तो म्हातारा मासेवाला येतो, त्या विहिरीवरच्या बाई येतात, असं दर वर्षी परत आल्यावर सांगत होतास ना? इथे तर कोणीच फिरकलं नाही." आम्हांस उत्तर सुचेना. धाकटा मुलगा सहज बोलून गेला, "आजी, आपल्याला काही लागतच नाही ना!"

त्या वाक्याने आम्हांस रात्री झोप लागू दिली नाही. राहुटीत असताना पाणी मागावयास जावे लागे. मग विहिरीच्या मालकीणबाई पाण्याबरोबर चार प्रश्न विचारीत. अमावास्येच्या उधाणाची वर्दी देऊन आमचा मुक्काम वर हलवावयास तो वृद्ध मच्छीमारच आला होता. आम्ही अपुरे होतो, म्हणून ती माणसे आली. कोकणातील जुन्या घराची रचना या दृष्टीने विचार करण्यासारखी आहे. प्रथम अंगण, मग ओटी किंवा पडवी, आणि त्यामागे माजघर. वाटसरू अंगणात थबकतो, ओळखीचा ओटीवर टेकतो, आप्त माजघरात येतो. राहुटी म्हणजे नुसते अंगण. तीत आमची म्हातारी माता निजू शकत नव्हती. फिरते घर म्हणजे नुसते माजघर. त्यात परक्यास पाऊल टाकता येत नव्हते. दोहोंतही ओटी नव्हती.

येथे एक शंका आम्ही स्वतःच उपस्थित करितो. दुसऱ्यावर अवलंबून राहण्याचे हे कौतुक कोणाच्या तोंडी शोभते? ज्यांच्या कपाळी पाल आणि बिऱ्हाडाची गाडी पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली होती, त्यांस मागणे गोड लागले असेल काय? १८७१ च्या कायद्याने कित्येक भटक्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. तो कायदा रद्द व्हावयास १९५२ साल उजाडावे लागले. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली निघाले, तेव्हा पालात वाढलेल्या मुलाच्या दृष्टीने गावकुसाकडे पाहावयाचा प्रसंग अनेक पांढरपेशा वाचकांवर प्रथमच आला. आम्ही विहिरीवर घागर घेऊन जातो, तेव्हा आमच्या खिशात पैसे असतात, बोलण्यात शहरी वळण असते, आणि परत जावयास पक्के घर असते. म्हणून तर ओंजळीत पाणी पडते आणि वर विचारपूसही होते. तेच पाणी मागणाऱ्या पालवाल्यास गावाने हाकलून दिल्याची उदाहरणे थोडी नाहीत. तेव्हा अवलंबित्व हे मुळात गोड आहे, असे आम्ही म्हणू धजत नाही. एवढेच म्हणतो, की ज्यास ते सुरक्षितपणे पत्करता येते, त्याने आपल्या सोयीच्या भिंती इतक्या पक्क्या करू नयेत, की दार ठोठावण्याचे कारणच कोणास उरू नये. आणि जो खरोखर निराधार होऊन आपल्या दाराशी येईल, त्याच्यासाठीही तेच दार उघडावे. यांतील दुसरे कर्तव्य पहिल्याहून कठीण आहे, आणि ते आपण कितपत पाळतो हे ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे.

दुसऱ्या दिवशी मातोश्रींनी आपली खुर्ची बाहेर सुरूच्या सावलीत मांडावयास लाविली. टाकीत पाणी असूनही आमच्या पत्नीने मुलास घागर देऊन ओळखीच्या विहिरीवर पाठविले. हे नाटक नव्हे काय, असे आमच्या मनात आले. पण लग्नघरी मनुष्य केवळ भुकेने जेवावयास जात नाही, हेही खरे आहे. दुपारी विहिरीच्या मालकीणबाई स्वतः आल्या, दोन शहाळी घेऊन. गाडी आतून पाहण्याची त्यांस उत्सुकता होती. पलंगावर हात फिरवून त्या म्हणाल्या, की आमच्या सासूबाई चार वर्षांत घराबाहेर पडल्या नाहीत. त्यांना ग्रामदेवतेचे दर्शन घ्यावयाचे फार मनात आहे. संध्याकाळी त्यांच्या दोघा मुलांनी त्या वृद्धेस खुर्चीत बसवून पाखाडी चढून वर आणले, आणि दोन म्हाताऱ्या एकाच पलंगावर बसून देवळापर्यंत जाऊन आल्या. बारा वर्षे आम्ही त्या घरचे पाणी प्यालो. त्या घरातही मागे राहिलेले एक माणूस आहे, हे आम्हांस तोवर ठाऊक नव्हते.

यंदाच्या हिवाळ्यातही आम्ही फिरते घरच नेणार आहो. मात्र माळ्यावरची राहुटी खाली काढून उन्हात घातली आहे. ती गाडीच्या दाराशी, पुढची बाजू उघडी ठेवून ठोकावयाची, आणि तीत एक चटई व दोन खुर्च्या मांडावयाच्या, असे ठरले आहे. वाळूच्या पिशव्यांचे दोरही मुलांनी तपासून ठेवले आहेत.