पंचाने न पाहिलेला स्पर्श

सुगी आटोपत आली व नाताळचा सण जवळ आला, म्हणजे आपल्या खेड्यापाड्यांतील तरुणांस मैदानाची ओढ लागते. शाळेच्या पटांगणात चुन्याच्या रेघा ओढल्या जातात, सात सात गड्यांचे संघ समोरासमोर उभे राहतात, आणि ज्या खेळास आपले वाडवडील हुतूतू म्हणत, तो कबड्डीचा खेळ रंगू लागतो. हे पाहून आम्हांस आनंदच होतो. शरीर हे देवाचे दान आहे. पारावर बसून निंदानालस्तीत अगर पत्त्यांच्या डावात दिवस घालविण्यापेक्षा तरुणांनी ते घामाने भिजवावे हे शतपट बरे. परंतु या खेळातून एक प्रश्न उत्पन्न होतो. तो वरवर पाहता पोरांचा वाटला, तरी त्याची मुळे खोल गेलेली आहेत. म्हणून आज त्याचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

तो प्रश्न असा. चढाई करणाऱ्या गड्याचे बोट बचाव करणाऱ्याच्या दंडाला ओझरते लागले. पंचाची नजर त्या वेळी रेषेकडे होती. चढाई करणाऱ्यासही पुरती खात्री नाही. परंतु ज्याला बोट लागले त्यास ते पक्के ठाऊक आहे. अथवा असे समजा की, चढाई करणाऱ्याचा दम मध्येच तुटला, त्याने चोरून एक श्वास घेतला, आणि प्रेक्षकांच्या आरोळ्यांत ते कोणासच कळले नाही. अशा वेळी त्या तरुणाने आपण होऊन हात वर करून बाहेर जावे, की पंच काही बोलत नाही तोवर खेळत राहावे?

आमच्या तरुण बंधूंचे यावर जे म्हणणे असते, ते आम्ही प्रामाणिकपणे मांडतो. कारण दुसऱ्याचे म्हणणे दुबळे करून मग त्यास जिंकणे हीही एक लबाडीच होय. ते म्हणतात, पंचाचा निर्णय शेवटचा, हे दोन्ही पक्षांनी आधीच मान्य केलेले असते. मग आम्ही गप्प राहिलो तर खोटे कोठे बोललो? दुसरे असे की, आम्ही एकटे नाही. सहा सोबत्यांच्या महिनोन्‌महिन्यांच्या श्रमाचे फळ माझ्या एकट्याच्या सोवळेपणासाठी उधळून टाकण्याचा मला काय अधिकार? आणि तिसरे असे की, समोरचा संघ असे कधीही करणार नाही. मग आम्हीच तेवढे भोळे का ठरावे? हे तिन्ही आक्षेप विचार करण्याजोगे आहेत.

पहिल्याविषयी आमचे म्हणणे असे. खेळात पुष्कळ गोष्टी अशा आहेत की, त्या फसवणुकीसारख्या दिसतात, पण फसवणूक नव्हेत. चढाई करणारा डावीकडे झेप घेतल्यासारखे दाखवितो आणि उजवीकडे पाय टाकतो. ही हुलकावणी होय. तिच्यात पाप नाही. कारण दोन्ही संघांनी ती आधीच मान्य केलेली असते, आणि समोरच्यासही तीच मुभा असते. परंतु लागलेला स्पर्श लपविण्याची मुभा कोणी कोणास दिलेली नसते. जो लपवितो, तो समोरच्या गड्याला नव्हे, तर ज्या नियमांमुळे खेळ हा खेळ आहे त्या नियमांनाच चकवितो. पंच कशासाठी असतो? माणसाची नजर व मन पक्षपाती आहे, म्हणून खरे काय घडले हे ठरविण्यास मदत व्हावी यासाठी. तो सत्याचा सेवक आहे, सत्याचा निर्माता नव्हे. त्याने पाहिले नाही म्हणून स्पर्श झाला नाही असे होत नाही. आणि गप्प राहणे खोटे नव्हे असे जे म्हणतात, त्यांनी एवढेच पाहावे की, नियमाप्रमाणे बाद झालेला गडी मैदानात उभा राहतो, तेव्हा त्याचे उभे राहणे हेच त्याचे बोलणे असते. तोंड मिटलेले असले तरी पाय बोलतात.

प्रेषित पौलाने करिंथ येथील मंडळीस पत्र लिहिताना धावणाऱ्यांचा व मुष्टियुद्ध करणाऱ्यांचा दाखला घेतला, तो उगीच नव्हे. त्या नगराजवळ दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत, आणि विजयी वीरास झाडपाल्याचा मुकुट मिळे. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो आणखी स्पष्ट सांगतो, की नियम पाळून न लढणाऱ्यास मुकुट मिळत नाही. तिकडे ऑलिंपिया येथे खेळाडूंस झ्यूस देवाच्या मूर्तीसमोर शपथ घ्यावी लागे, की आपण दहा महिने नियमाने सराव केला आहे. आणि लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, खेळाडूंबरोबर त्यांचे बाप, त्यांचे भाऊ व त्यांस शिकविणारे यांसही लबाडी न करण्याची शपथ घ्यावी लागे. ख्रिस्तपूर्व ३८८ साली एका मुष्टियोद्ध्याने प्रतिस्पर्ध्यांस लाच दिल्याचे उघडकीस आले, तेव्हा वसूल केलेल्या दंडातून झ्यूसच्या सहा मूर्ती करून त्या मैदानाकडे जाणाऱ्या वाटेवर उभ्या केल्या, यासाठी की आत जाणाऱ्या प्रत्येक खेळाडूच्या दृष्टीस त्या पडाव्यात. ज्यांस सुवार्ता ठाऊक नव्हती, त्यांसही इतके कळत होते की, लबाडीने मिळविलेला मुकुट हा मुकुट नव्हे. मग ज्यांस अंतःकरणे पारखणारा देव ठाऊक आहे, त्यांनी किती अधिक जपावे?

आता दुसरा आक्षेप, आणि आमच्या मते हाच सर्वांत जड आहे. कारण त्यात सोबत्यांविषयीचे प्रेम आहे. तरी विचार करा. जो गुण आपण मिळविलाच नाही, तो आपल्या संघाचा कसा? चोरीचे मेंढरू सातजणांत वाटून घेतले म्हणून ते आपल्या कळपातले होत नाही. मात्र सोबत्यांस आधी कल्पना न देता ऐन वेळी त्यांस अडचणीत टाकणे, हेही योग्य नाही. येथे स्कॉटलंडचे धावपटू एरिक लिडेल यांचे उदाहरण उपयोगी पडेल. १९२४ साली पॅरिस येथे ऑलिंपिक सामने झाले. लिडेल हे १०० मीटरांच्या शर्यतीत अत्यंत वेगवान. परंतु तिच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या, म्हणून त्यांनी ती शर्यत सोडली. त्याच कारणाने ज्यांत चौघेजण मिळून धावतात अशा दोन सांघिक शर्यतींतूनही त्यांनी अंग काढून घेतले. प्रभुवार कसा पाळावा याविषयी सर्व मंडळ्यांचे एकमत नाही, व तो आजचा आमचा विषयही नव्हे. आम्हांस दाखवावयाचे ते हे की, वेळापत्रक कळताच त्यांनी आपला निश्चय महिनोन्‌महिने आधी कळविला होता. ऐन वेळी कोणास तोंडघशी पाडले नाही. पुढे ते ४०० मीटर धावले व ४७.६ सेकंदांत पहिले आले. यावरून आम्ही असे म्हणतो की, संघाने पहिल्या सरावाच्या दिवशीच एकत्र बसून ठरवावे: आपणांपैकी ज्यास स्पर्श झाला असेल तो आपण होऊन हात वर करील, आणि त्याबद्दल कोणी त्यास बोल लावणार नाही. असा करार झाला, म्हणजे एकाचे सत्य हे साऱ्यांचे सत्य होते, आणि सोबत्यांशी निष्ठा व देवाशी निष्ठा यांत झगडा उरत नाही.

तिसऱ्या आक्षेपास आम्ही गोड उत्तर देणार नाही. समोरचा संघ असे करणार नाही, हे पुष्कळदा खरे असते. आणि खरेपणाने सामना जिंकता येतो असे वचन पवित्र शास्त्रात कोठेही नाही. १९८० सालच्या फेब्रुवारीत मुंबईच्या वानखेडे मैदानावर भारत व इंग्लंड यांचा क्रिकेटचा सामना झाला. इंग्लंडचे पाच गडी ५८ धावांत बाद झाले होते. तशात टेलर नावाच्या फलंदाजास पंचाने झेलबाद दिले. भारताचे संघनायक गुंडाप्पा विश्वनाथ यांस वाटले की चेंडू बॅटीला लागलेलाच नाही. तेव्हा त्यांनी आपल्या पक्षाचे अपील मागे घेऊन टेलरला परत बोलाविले. पुढे टेलर व बोथम यांनी मिळून १७१ धावा जोडल्या, आणि भारत दहा गड्यांनी हरला. येथे पंचाचा निर्णय आपल्या बाजूने पडला होता, सोबत्यांचे श्रम पणास लागले होते, आणि पराभवही पदरी आला. तरी त्या सामन्यास आज चाळीसाहून अधिक वर्षे लोटली असता लोक आदराने आठवण काढतात ती विश्वनाथांच्या त्या कृत्याची. परंतु आठवण काढली जाते म्हणून ते कृत्य चांगले नव्हे. कोणी आठवण काढली नसती, तरीही ते तितकेच चांगले असते.

पंचाच्या दृष्टीआड होणारी आणखी एक गोष्ट आहे, आणि ती रेषेच्या बाहेर घडते. पळवणकर बाळू हे आपल्या महाराष्ट्राच्या मैदानांवर गाजलेले थोर गोलंदाज. चांभार कुळात जन्मलेल्या या पुरुषाने १९११ सालच्या इंग्लंडच्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. पुण्यास हिंदू संघातून ते खेळू लागले, तेव्हा मैदानात त्यांनी टाकलेला चेंडू सोबती निःशंकपणे हाती घेत; पण खेळ थांबला म्हणजे बाळूंस चहा मंडपाबाहेर, वेगळ्या भांड्यात मिळे, आणि जेवणही वेगळे. यात खेळाचा कोणताही नियम मोडला गेला नाही. कोणत्याही पंचास शिटी वाजविता आली नसती. तरी तेथे जे घडले ते अधर्माचेच होते. पुढे १९२३ साली त्यांचे बंधू विठ्ठल हे त्याच हिंदू संघाचे नायक झाले. म्हणजे ही रेघ पुसता येते हेही दिसून आले. आपल्या वाचकांपैकी कित्येकांच्या आजोबा-पणजोबांनी असे वेगळे भांडे ओठांना लावलेले आहे. म्हणूनच आम्ही आपल्याच संघांस विचारतो: राखीव गड्यास तुम्ही सोबती मानता, की पाण्याची घागर वाहणारा गडी? ज्याच्या पायात बूट नाही त्यास हसता काय? अमुक वस्तीवरचा मुलगा चढाईत चालतो, पण त्याच्या घरी जेवावयास जाण्याचे टाळता काय? हारलेल्या संघास नमस्कार न करता गुलाल उधळीत त्यांच्या वस्तीवरून मिरवणूक काढता काय? याची नोंद गुणपत्रकात होत नाही. पण नोंद ठेवणारा आहे.

आता दोन शब्द उपदेशक बंधूंस व वडील मंडळीस. ऑलिंपियाच्या शपथेत बाप व भाऊ यांसही उभे केले जाई, हे विसरू नका. मैदानाच्या कडेला उभे राहून पंचास शिव्या घालणारा बाप, आणि “पोरा, गप्प उभा राहा, कोणी पाहिले नाही” असे हळूच सांगणारा चुलता, हे शब्बाथशाळेतील वर्षभराचे शिक्षण एका क्षणात पुसून टाकतात. उलट, अतिकठोरताही नको. वर सांगितलेले लिडेल पुढे चीनमध्ये मिशनरी झाले, आणि दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या नजरकैदेच्या छावणीत १९४५ साली वारले. त्या छावणीतील मुले रविवारी खेळू लागली, व पंच नसल्यामुळे त्यांची मारामारी झाली. तेव्हा एके काळी रविवारी धावण्याचे नाकारणारा हा मनुष्य त्यांचा पंच म्हणून रविवारी मैदानात उभा राहिला. स्वतःस कडक माप आणि लेकरांस प्रेमाचे माप, अशी ही रीत आहे. तरुणांकडून आम्ही जी वागणूक मागतो, ती त्यांच्याजवळ उभे राहून मागावी, दुरून बोट दाखवून नव्हे.

आजकाल मोठ्या स्पर्धांत यंत्राने टिपलेले चित्र पुन्हा पुन्हा पाहून निर्णय देतात. तेथे स्पर्श लपविणे कठीण झाले आहे, आणि हे चांगलेच आहे. परंतु ज्याच्यावर शंभर डोळे लागलेले आहेत, त्याचा खरेपणा किती त्याचा व किती त्या डोळ्यांचा, हे सांगणे अवघड. आपल्या गावच्या मैदानावर तसे यंत्र नाही. तेथे धूळ आहे, आरडाओरडा आहे, एकच पंच आहे, आणि संध्याकाळचा उजेड कमी होत चाललेला आहे. ज्या तरुणाने तेथे हात वर केला, त्याचा तो हात केवळ त्याच्या अंतःकरणाने उचललेला असतो. लहान गोष्टीत विश्वासू राहणारा मोठ्या गोष्टीतही विश्वासू राहतो, असे आपल्या प्रभूने शिकविले. उद्या तोच तरुण सोसायटीच्या तराजूजवळ, ग्रामपंचायतीच्या दप्तराजवळ अगर मंडळीच्या दानपेटीजवळ उभा राहणार आहे, आणि तेथेही पुष्कळदा पंच नसतो.

अशा मुलास त्या दिवशी शाबासकी मिळेलच असे नाही. सोबती रुसतील, प्रेक्षक हसतील, बक्षिसाची रक्कम दुसऱ्या गावी जाईल, आणि घरी जाताना कदाचित तो एकटाच असेल. म्हणून, उपदेशक बंधूंनो, असे आपल्या गावी घडेल तेव्हा त्या संध्याकाळी इतर कामे बाजूस ठेवून त्याच्याबरोबर त्याच्या घरापर्यंत चालत जा.