सोबतीचा धर्म आणि मेंढ्यांच्या विणीचा हंगाम

इंग्लंडच्या वायव्येकडील लेक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ प्रदेशात एप्रिल महिन्यात दोन गोष्टी एकाच कुरणावर घडत असतात. ईस्टरच्या सुट्टीत शहरांतली जोडपी आपल्या कुत्र्याला घेऊन चार-सहा दिवसांसाठी खेड्यातील एखाद्या भाड्याच्या घरात राहायला येतात, आणि त्याच दिवसांत तेथील मेंढ्या विण्याला आलेल्या किंवा नुकत्याच व्यालेल्या असतात. कुत्र्याला कोठे न्यावे, कोणत्या घरात त्याला राहू देतात, कोणती वाट त्याच्यासाठी मोकळी आहे, हे प्रश्न वरकरणी सोयीचे आणि खर्चाचे वाटतात. परंतु त्यांच्या तळाशी नीतिविचारातील एक जुना पेच आहे. ज्याने आपल्यावर सर्वस्वी भिस्त टाकली आहे त्याला अंतर न देणे हे एक कर्तव्य, आणि ज्याचा आपल्याशी काडीचाही संबंध नाही अशा जीवाला आपल्यामुळे अपाय होऊ न देणे हे दुसरे. या दोहोंची गाठ एकाच पाऊलवाटेवर पडली तर काय करावे, असा तो पेच आहे. निष्ठा ही थोर गोष्ट खरी, पण तिची किंमत निष्ठा बाळगणाऱ्यानेच मोजावी लागते, ती तिसऱ्याच्या माथी मारता येत नाही, हे पुढील विवेचनाचे प्रतिपाद्य आहे.

कुत्र्याच्या सोबतीचा विचार भारतीय परंपरेत सर्वांत नेमकेपणाने ज्या ठिकाणी झाला आहे ते महाभारताचे महाप्रस्थानिक पर्व होय. राज्य सोडून निघालेल्या पाच पांडवांच्या आणि द्रौपदीच्या मागोमाग एक कुत्रा चालू लागतो. द्रौपदी व चौघे भाऊ वाटेत एकेक करून कोसळतात आणि शेवटी युधिष्ठिर व कुत्रा एवढेच उरतात. इंद्र रथ घेऊन येतो, पण कुत्र्याला सोडून ये, अशी अट घालतो. ही कथा मराठी वाचकाला लहानपणापासून ठाऊक असते, तथापि तिच्यातील युक्तिवाद सहसा सांगितला जात नाही. इंद्राचा पहिला आक्षेप शुचितेचा आहे: कुत्रे बाळगणाऱ्यांना स्वर्गात स्थान नाही, कारण त्यांचे इष्टापूर्त, म्हणजे यज्ञयाग करून आणि विहिरी-तळी बांधून मिळवलेले पुण्य, क्रोधवश नावाचे गण हिरावून नेतात. त्याचा दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे: भावांना आणि पत्नीला मागे टाकून आलेल्या माणसाला एका कुत्र्याचा एवढा लळा कशासाठी? त्यावर युधिष्ठिर म्हणतो की मेलेल्यांशी ना संधी करता येते ना वैर, त्यांना परत जिवंत करणे त्याच्या हाती नव्हते आणि जिवंतपणी त्याने त्यांना सोडलेले नाही. कुत्रा मात्र जिवंत आहे आणि आश्रयाला आलेला आहे. भक्ताचा त्याग हे त्याच्या मते शरणागताला शत्रूच्या हवाली करणे किंवा मित्रद्रोह करणे यांच्या तोडीचे पातक आहे.

या प्रसंगाचे मर्म युधिष्ठिराच्या प्रेमळपणापेक्षा त्याने केलेल्या हिशेबात आहे. कुत्र्याला आत घ्यावे म्हणून तो स्वर्गाचे नियम मोडत नाही, इंद्राशी दांडगाई करत नाही, की कुत्र्याला रथात चोरून बसवत नाही. तो स्वतःच्या स्वर्गावर पाणी सोडायला तयार होतो. निष्ठेचा सगळा भार एकाच्याच खांद्यावर आहे. महाकाव्याला हा विषय किती महत्त्वाचा वाटत होता याची आणखी एक खूण आदिपर्वात सापडते: सरमा या देवशुनीचे पिल्लू जनमेजयाच्या यज्ञस्थळी येते, हविर्द्रव्याला तोंड लावणे दूरच, त्याकडे पाहतही नाही, तरीही राजाचे भाऊ त्याला मारतात, आणि निरपराध पिल्लाला मारल्याबद्दल सरमा राजाला शाप देते. एकीकडे अकारण मारलेले पिल्लू आणि दुसरीकडे न सोडलेला कुत्रा अशा दोन टोकांमध्ये एवढा मोठा ग्रंथ बसवला गेला, हा केवळ योगायोग मानणे कठीण आहे. आनृशंस्य, म्हणजे क्रौर्याचा अभाव आणि त्यासोबत येणारी कणव, हा श्रेष्ठ धर्म असल्याचे यक्षप्रश्नात युधिष्ठिर सांगतो; त्याची परीक्षा या कुत्र्याच्या रूपाने होते.

लेक डिस्ट्रिक्टलाही निष्ठावंत कुत्र्याची स्वतःची कथा आहे, आणि तीही वसंतातलीच. मँचेस्टरचा चार्ल्स गॉफ हा तरुण चित्रकार १८०५ च्या एप्रिलमध्ये आपल्या कुत्रीला घेऊन हेल्वेलिन या सुमारे ९५० मीटर उंचीच्या डोंगरावर चढला आणि कड्यावरून पडून मरण पावला. जुलैअखेर एका मेंढपाळाला रेड टार्न या तळ्याजवळ त्याचा सांगाडा सापडला, तेव्हा कुत्री तीन महिन्यांनंतरही जिवंत आणि तेथेच होती; मधल्या काळात ती व्याली होती आणि पिल्लू मेले होते. वर्ड्‌स्वर्थ आणि वॉल्टर स्कॉट या दोघांनीही या घटनेवर कविता लिहिल्या, एडविन लँडसिअरने १८२९ मध्ये चित्र काढले आणि १८९० मध्ये डोंगरावर स्मारकशिलाही बसली. कुत्रीने धन्याच्याच देहावर गुजराण केली असावी, अशी वदंता त्या वेळीच उठली होती आणि कवींनी ती दूर सारली. त्यांचा ओढा समजण्यासारखा आहे. मात्र या सगळ्या गौरवात एक प्रश्न कोणीच विचारलेला दिसत नाही: गाभण कुत्रीला बर्फ पुरते वितळले नसताना अशा कड्यावर नेणाऱ्या माणसाचे तिच्याबाबत काही कर्तव्य होते की नव्हते? युधिष्ठिराच्या कथेत निष्ठेची किंमत माणूस मोजतो. हेल्वेलिनवर ती कुत्रीने मोजली, आणि काव्य तिच्या वाट्याला आले. पाळीव प्राण्याच्या निष्ठेचे कौतुक करणाऱ्या साहित्यात ही एकतर्फी वाटणी वारंवार आढळते.

इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याने कुत्र्याचा प्रश्न विचारात घेतला, पण अर्ध्या वाटेवर सोडला. ज्या कुत्र्याने धन्याची दीर्घकाळ इमानाने चाकरी केली आहे त्याला म्हातारपणी पोसले पाहिजे, असे तो नीतिशास्त्रावरील व्याख्यानांत सांगतो. परंतु हे कर्तव्य कुत्र्याप्रती नसून माणसाने स्वतःच्या माणुसकीप्रती पाळायचे असते, कारण प्राण्याशी निष्ठुर वागणारा हळूहळू माणसांशीही तसाच वागू लागतो. याला अप्रत्यक्ष कर्तव्य म्हणतात. या भूमिकेतील उणीव अशी की तीत कुत्रा हा माणसाच्या चारित्र्याच्या व्यायामाचे साधन होऊन बसतो. मार्टिन बूबर या विचारवंताने हीच उणीव वेगळ्या बाजूने उघड केली. अकराव्या वर्षी आजोबांच्या शेतावर एका घोड्याची मान कुरवाळताना त्याला एका परक्या जीवाच्या प्रत्यक्ष सान्निध्याचा अनुभव येत असे. मात्र एके दिवशी कुरवाळण्यात स्वतःच्या हाताला किती सुख वाटते याकडे त्याचे लक्ष गेले आणि तेथून पुढे ते नाते पूर्वीसारखे राहिले नाही. जोडप्याच्या सहलीत हा धोका उघडच आहे. गवतावर पसरलेला कुत्रा, पाठीमागे डोंगर आणि पुढे दोघे, या छायाचित्रात कुत्रा सोबती असतो की सजावट, हे छायाचित्रावरून सांगता येत नाही. ते कुत्र्याला त्या दिवशी किती चालवले, पाणी कोठे पाजले आणि तो दमल्यावर परत फिरले की नाही, यावरून ठरते.

येथवर विचार दोन पक्षांचा झाला. खेड्यात गेल्यावर तिसरा पक्ष येतो, आणि प्रकरण खऱ्या अर्थाने अवघड होते. लेक डिस्ट्रिक्टमधील हर्डविक जातीच्या मेंढ्या कुंपण नसलेल्या उघड्या डोंगरावर चरतात. आपला पट्टा कोणता हे ज्ञान आईकडून कोकराला मिळत जाते. व्याल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत मेंढी कोकराला चाटून त्याचा वास ओळखीचा करून घेते. त्या वेळी कुत्र्याच्या भीतीने ती पळाली तर पुढे ती कोकराला जवळ घेईलच असे नाही. गाभण मेंढीमागे कुत्रा नुसता धावला, तिला दातही लागला नाही, तरी धसक्याने ती गाभ टाकू शकते. चंडोल, टिटवीच्या कुळातला लॅपविंग आणि लांब वाकड्या चोचीचा कर्ल्यू हे पक्षी याच ऋतूत जमिनीवर घरटी करतात. कुत्र्याच्या चाहुलीने उडालेली मादी परत येईपर्यंत अंडी गारठतात किंवा कावळ्यांच्या तोंडी पडतात. याहून सूक्ष्म अपायही आहे. पिसवा मारण्यासाठी कुत्र्याच्या मानेवर सोडल्या जाणाऱ्या औषधांतील फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड ही कीटकनाशके इंग्लंडमधील नद्यांच्या पाण्यात सापडली असल्याचे २०२० मध्ये ससेक्स विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले. म्हणजे कुत्रा नुसता ओढ्यात डुंबला तरी पाण्यातील किड्यांना बाधा पोहोचू शकते. यांपैकी कोठेही कुत्र्याचा दुष्टावा नाही. धावत्या वस्तूमागे धावणे हा त्याचा स्वभाव आहे, आणि दोष जर असेल तर तो हे ठाऊक असूनही पट्टा सोडणाऱ्या हाताचा आहे.

मेरी मिजली या इंग्रज तत्त्ववेत्तीने १९८३ च्या आपल्या ग्रंथात मिश्र समाजाची कल्पना मांडली. तिच्या म्हणण्याप्रमाणे निव्वळ माणसांचा समाज कधी अस्तित्वातच नव्हता. माणूस प्रथमपासून कुत्रे, गुरे, मेंढ्या यांच्यासह राहत आला, आणि म्हणूनच आपल्या माणसांविषयीचा जिव्हाळा जातीच्या सीमेवर थांबत नाही. ही कल्पना मान्य केली, तर मेंढपाळ, त्याची मेंढी आणि त्याचा राखणीचा कुत्रा यांचाही तो समाज आहे, आणि शहरातून आलेले जोडपे व त्यांचा लाडका कुत्रा तेथे पाहुणे ठरतात. ब्रिटिश कायद्याने हे नाते आपल्या रुक्ष भाषेत बांधून ठेवले आहे. १९५३ च्या कायद्यानुसार शेतजमिनीवर कुत्र्याने मेंढ्यांचा पाठलाग करणे हा त्याच्या मालकाचा अपराध ठरतो. २००० च्या कायद्याने सर्वांना पायी फिरण्यासाठी खुल्या केलेल्या डोंगर-माळांवर १ मार्च ते ३१ जुलै या काळात कुत्रा दोन मीटरपेक्षा लांब नसलेल्या पट्ट्यावरच असला पाहिजे, आणि जनावरांजवळ तर बाराही महिने. कळपामागे लागलेल्या कुत्र्याला आवरण्याचा दुसरा रास्त उपाय उरला नाही तर त्याला गोळी घालणाऱ्या शेतकऱ्यालाही १९७१ च्या कायद्याचे संरक्षण मिळू शकते. निष्काळजी निष्ठेची किंमत येथेही अखेर कुत्राच मोजतो.

त्या देशातील ग्रामीण भागात फिरणाऱ्यांसाठीच्या आचारसंहितेत मात्र एक सूचना अशी आहे की ती प्रथम वाचताना युधिष्ठिराच्या अगदी विरुद्ध वाटते: गुरे अंगावर धावून आली तर कुत्र्याचा पट्टा सोडून द्यावा. वासरू जवळ असलेली गाय माणसापेक्षा कुत्र्यावर चालून येते. कुत्रा मोकळा असला तर सहज निसटतो, आणि पट्टा घट्ट धरून ठेवणारा माणूस स्वतःसह त्यालाही संकटात लोटतो. येथे सोडणे म्हणजे त्याग नव्हे, कारण सोडण्यामागे कुत्र्याचेच हित आहे. उलट मेंढ्यांच्या कुरणात पट्टा न सोडणे ही कुत्र्याच्या क्षणिक आनंदाविरुद्धची, पण त्याच्या व इतरांच्या हिताची कृती आहे. हातातील पट्ट्याची नैतिक किंमत पट्टा पाहून कळत नाही, कुरणात कोण उभे आहे ते पाहून कळते.

म्हणून सहलीची आखणी हेच या प्रश्नाचे खरे रणांगण आहे. मैत्रीत एकत्र राहणे म्हणजे गुरांप्रमाणे एका ठिकाणी चरणे नव्हे, तर विचार आणि संवाद यांत सहभागी होणे, असे ॲरिस्टॉटल म्हणतो. आखणीच्या संवादात दोघे बोलतात, तिसऱ्याला मत नाही, आणि म्हणून त्या दोघांकडे विश्वस्ताची भूमिका येते. मराठी परंपरेत नामदेवांची पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावल्याची कथा सांगतात. तो कुत्रा त्यांचा नव्हता, आणि कथेचे वजन त्या परकेपणातच आहे. स्वतःच्या कुत्र्यावर माया करणे अवघड नाही. परक्याच्या मेंढीपायी आपला बेत बदलणे अवघड आहे. एप्रिलमध्ये कुत्र्याला मनसोक्त मोकळे धावू द्यायचे असेल, तर त्यासाठी मेंढ्यांचा डोंगर ही जागा नव्हे. इंग्लंडमधील अनेक समुद्रकिनाऱ्यांवर कुत्र्यांना बंदी साधारण मे ते सप्टेंबर या गर्दीच्या काळात असते, आणि एप्रिलमध्ये तेथील वाळू त्यांना मोकळी असते. डोंगरावरचा पट्ट्याचा सक्तीचा काळ ३१ जुलैला संपतो, तोवर कोकरेही धावपळीला तयार झालेली असतात, जरी जनावरांजवळचा नियम त्यानंतरही कायम राहतो. ज्यांना वसंतातच हेल्वेलिन पाहायचे आहे त्यांना आखूड पट्टा तरी पत्करावा लागेल, नाही तर एकाने वर जायचे आणि दुसऱ्याने खाली कुत्र्यापाशी थांबायचे, दुसऱ्या दिवशी पाळी बदलायची. आणि शिखरावर दोघांनी एकत्र उभे राहण्याचा बेत त्या वर्षापुरता सोडून द्यावा लागेल.