खंड

आपल्याकडे अखंडाचे माहात्म्य फार. अखंड नामसप्ताह, अखंड नंदादीप, अखंड सौभाग्य. एकदा धरलेले सुटता कामा नये, आणि सुटले तर ते मोडले, असेच आपण समजतो. ज्याचे व्रत चालू आहे त्याचे कौतुक करायला सारे गाव असते. पण ज्याच्या हातून खंड पडला त्याने पुढे काय करावे, हे मात्र कोणी सांगत नाही.

हा प्रश्न मला पडला तो देवघरात नव्हे. इंग्लंडमधल्या माझ्या स्वयंपाकघरात, घरच्या घरी बिअर करताना. फराळाच्या ताटाशेजारी हा विषय मांडल्याबद्दल वाचकांनी रागावू नये. आपल्या महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्यावाचून असले काही घरी करणे हा गुन्हा आहे. इंग्लंडातही १८८० पासून त्यासाठी परवाना लागत असे. १९६३ साली ती अट उठली. तेव्हापासून तिथली माणसे, आपण चकल्या कराव्यात तितक्या उघडपणे, घरी बिअर करतात.

मला ही विद्या शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी शिकवली. शनिवारी सकाळी त्यांच्या गॅरेजमध्ये आमची शाळा भरे. मोड आणून वाळवलेले जव भरडून घ्यायचे, सहासष्ट-सदुसष्ट अंश उष्णतेच्या पाण्यात तासभर भिजत ठेवायचे. त्यातल्या पिठाची साखर होते. तो गोड रस गाळून तासभर उकळायचा. उकळताना हॉप्स नावाच्या वेलीची फुले टाकायची. आधी टाकली तर कडवटपणा येतो, शेवटी टाकली तर सुगंध. मग रस निववून त्यात यीस्ट सोडायचे आणि झाकण लावून स्वस्थ बसायचे. हे स्वस्थ बसणे मला कधी जमले नाही. मी सारखा झाकण उघडून पाही, आणि ते माझ्या हातावर हलकेच चापटी मारीत.

आमची आवडती होती पेल एल, फिक्या सोनेरी रंगाची आणि भरपूर हॉप्सची. तिच्यासाठी प्रसिद्ध असलेले बर्टन गाव आमच्या घरापासून फार दूर नव्हते. तिथल्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम असते, आणि त्याने हॉप्सचा कडवटपणा स्वच्छ उमटतो. एकोणिसाव्या शतकात तिथली पिंपे जहाजांतून मुंबई-कलकत्त्याला जात. ‘तुमच्या गावी जायची ती ही,’ असे सांगून ते माझ्या हाती पेला देत.

पुढे त्यांची पत्नी वारली आणि ते लेकीच्या गावी राहायला गेले. गाव काही सातासमुद्रापार नव्हते. मोटारीने दीड तासाची वाट. पण माझे काम वाढले, मुलांच्या परीक्षा आल्या, पातेले माळ्यावर गेले. पहिल्या महिन्यात वाटले, पुढच्या आठवड्यात फोन करू. सहा महिने गेले तेव्हा वाटले, आता काय तोंडाने करायचा? वर्ष लोटल्यावर तर त्यांचे नाव निघाले की मी विषय बदलू लागलो. अशी सात वर्षे गेली. त्यातले पहिले वर्ष आळसाचे. उरलेली सहा निव्वळ लाजेची. खंड लहानच होता, तो वाढवला लाजेने.

गेल्या वर्षी माळा आवरताना पातेले खाली आले. बरोबर एक डबाही निघाला. त्यात हॉप्सची अर्धी पुडी होती. फुले तपकिरी पडलेली, वास जुन्या चीजसारखा. यीस्टची एक पुडी होती. ती कोमट पाण्यात टाकून वाट पाहिली, पण बुडबुडादेखील आला नाही. दोन्ही फेकून दिले आणि विचार करीत बसलो.

घरात दोन तऱ्हेच्या गोष्टी असतात. एक विरजणासारख्या. त्यांना रोजचे दूध हवे. आठ दिवस विसरलात की संपले. दुसऱ्या बियाण्यासारख्या. त्या कोरड्या राहून वाट पाहतात आणि पाणी मिळताच जाग्या होतात. यीस्टची पुडी ही अशी झोपलेली जिवंत वस्तू. आपण नाती आणि विद्या सरसकट विरजणाच्या खात्यात घालतो आणि खंड पडला की हात झटकतो. माझी समजूत अशी झाली आहे की त्यांतल्या पुष्कळशा बियाण्याच्या जातीच्या असतात. पण बियाण्यालाही मुदत असते, आणि पुडीवर छापतात तशी ती माणसावर छापलेली नसते.

मी नवे सामान आणले आणि वीस लिटरांचा घाट घातला. हाताला सारे आठवत होते. भांडे कलते किती धरायचे, उतू जाण्याआधी फेस कसा दिसतो, रस निवल्यावर त्याला लागणारी वस्तू न् वस्तू कशी निर्जंतुक करायची. मला मोठा आनंद झाला. पण हाताला माझी खोडही आठवत होती. चौथ्या दिवशी तो आपसूक झाकणाकडे गेला. आत हवा गेली की हॉप्सचा सुगंध बोथट होतो, हे मला पाठ होते. तरी मी झाकण उचललेच. चापटी मारायला कोणी नव्हते. खंडाने माझी विद्या नेली नव्हती, तशी खोडही नेली नव्हती. गेला होता तो मला अडवणारा हात.

दोन आठवडे आंबवणे, मग बाटल्यांत थोडी साखर घालून आणखी दोन आठवडे. त्या काळात करण्यासारखे काही नसते. तेव्हा कळले की या कामात खंड आधीपासूनच आहे. सगळे घडते ते आपण हात काढून घेतल्यावर. पण ठरल्या दिवशी माणसाने परत यावे लागते.

बाटल्या तयार झाल्यावर मी फोन केला. सात वर्षांची कारणे जुळवून ठेवली होती. त्यांनी एकही विचारले नाही. रविवारी ये म्हणाले. भेटलो तेव्हा ते खूप थकलेले दिसले, हात कापत होते. पेला नाकाशी नेऊन त्यांनी बराच वेळ वास घेतला, एक घोट घेतला आणि माझ्याकडे पाहिले.

‘झाकण उघडलेस ना?’ ते म्हणाले.

मी हो म्हटले. त्यांनी कापऱ्या हाताने माझ्या मनगटावर चापटी मारली आणि पेला पुढे केला.