तेज नष्ट होत नाही, रूप बदलते



एका घरी मयतीच्या दुसऱ्या दिवशी त्रिशरण-पंचशील देण्यास गेलो होतो. कर्ता मुलगा गेलेला. पाहतो तर मयताच्या जागी पीठ पसरून वर दिवा ठेवलेला! पिठात पाऊल कोणाचे उमटते, त्यावरून लेकाने कोणता जन्म घेतला ते कळणार, असे म्हातारीचे म्हणणे. "गुरुजी, माझं लेकरू गेलं कुठं?" तिने विचारले. हा प्रश्न हसण्यावारी नेण्याचा नव्हे.

मी म्हणालो, आई, या दिव्याकडेच पाहा. तेलातली शक्ती करडईच्या झाडाने उन्हातून घेतली व बियांत साठवली. वात पेटताच तीच शक्ती उष्णता आणि प्रकाश होऊन खोलीभर पसरते. दिवा विझला तरी ती शून्य होत नाही. ती भिंतींत, हवेत गेलेली असते.

भाकरीचेही तसेच. ज्वारीने साठवलेले ऊन आपल्या अंगात कष्टाचे बळ होते. हमाल पोते माडीवर चढवतो, तेव्हा त्याच्या बळाचा काही भाग उंचीवरच्या पोत्यात साठून राहतो. पोते खाली पडले की तीच शक्ती गती होते, आणि जमिनीवर आदळताच आवाज व उष्णता होते. कोयनेचे अडवलेले पाणी डोंगराखाली पोफळीला कोसळते, चक्रे फिरवते, त्यातून वीज होते. इंग्लंडात जेम्स ज्यूल याने १८४०च्या दशकात वजने खाली सोडून पाण्यात पाती फिरवली, आणि पाणी किती तापते ते मोजून दाखवले. हिशेब जुळला. शक्ती कोणी निर्माण करीत नाही, कोणी नष्टही करीत नाही. मग येथे निर्मात्याची गरज कोठे उरली?

बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' (१९५७) या ग्रंथात पुनर्जन्माचा विचार याच अंगाने केलेला आहे. देह पृथ्वी, आप, तेज, वायू यांचा बनलेला. मरण येते तेव्हा देहात नवे तेज निर्माण होणे थांबते, आणि ही तत्त्वे विश्वातील आपापल्या साठ्यात मिळतात. एका देहातून दुसऱ्या देहात प्रवास करणारा आत्मा येथे नाही. मग पिठात पाऊल कोणाचे उमटणार? उंदराचेच!

परंतु एक गोष्ट ध्यानात धरा. शक्ती नष्ट होत नसली तरी प्रत्येक बदलात तिचा काही भाग उष्णता होऊन विखुरतो, आणि तो पुन्हा सहजी कामाला येत नाही. दिव्याने तापलेल्या भिंतीतून पुन्हा तेल निघत नाही. म्हणून दिव्यात वेळोवेळी तेल घालावे लागते. धम्माचेही तसेच आहे. १९५६ साली नागपुरात पेटलेली ज्योत केवळ जयजयकाराने तेवत राहणार नाही. रोजचे शील, रोजचा अभ्यास, रोजचे कष्ट हेच तिचे तेल.

त्या मुलाने वस्तीतल्या पोरांना रात्री अक्षरे शिकवली होती. ती मुले दारात उभीच होती. म्हातारीला म्हणालो, तुझ्या लेकाच्या कुशल कर्माचे फळ पाहायचे तर इकडे पाहा. ही तराजूने मोजायची शक्ती नव्हे. परंतु कारण घडले की परिणाम होतो, हा नियम येथेही चुकत नाही.

म्हातारी बराच वेळ रडली. मग तिने पीठ स्वतः गोळा केले. दिवा मात्र आम्ही विझवला नाही. तो बुद्ध-बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे ठेवला, आणि त्याच्याच उजेडात मुलांनी पुस्तके उघडली.

जयभीम! नमो बुद्धाय!