खेळण्यांची पेटी आणि देण्याची रीत

मुलांस खेळणी देणे ही क्षुल्लक गोष्ट आहे असे पुष्कळांस वाटते. अन्नदान, वस्त्रदान व विद्यादान ह्यांची थोरवी सर्वांस मान्य आहे. परंतु खेळण्याने कोणाचे पोट भरत नाही, की कोणाची थंडी जात नाही. म्हणून घरात अडगळ झाली म्हणजे जुनी खेळणी एका पोत्यात भरून कोणास तरी द्यावी आणि एक सत्कृत्य झाले असे समाधान मानावे, एवढाच ह्या गोष्टीचा विचार होतो. आमच्या मते ह्या लहानशा कृत्यात दानाविषयीचे तीन मोठे प्रश्न दडलेले आहेत. काय द्यावे, कसे द्यावे, आणि दिल्यानंतर त्या वस्तूवर देणाऱ्याचा हक्क किती उरतो, हे ते प्रश्न होत.

प्रथम, खेळणे हे मुलास कशासाठी लागते हे पाहिले पाहिजे. जर्मनीतील फ्रेडरिक फ्रोबेल (१७८२–१८५२) हा एका पाळकाचा मुलगा. तो तान्हा असतानाच त्याची आई वारली, आणि त्याचे बालपण एकाकी गेले. ह्याच मनुष्याने पुढे १८३७ साली ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांच्या खेळाची संस्था काढली व १८४० साली तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. आपण योजलेल्या खेळण्यांस तो ‘देणग्या’ म्हणत असे. त्याची तिसरी देणगी म्हणजे लाकडी पेटीत बसविलेले आठ सारखे ठोकळे. पेटी उपडी ठेवावी, सरकते झाकण ओढून काढावे व पेटी अलगद उचलावी, म्हणजे आठांचा मिळून एक अखंड घन मुलापुढे उभा राहतो. मूल तो मोडते, त्याच्या पायऱ्या करते, भिंत रचते, आणि खेळ संपला म्हणजे सर्व ठोकळे पुन्हा पेटीत बसविते. मोडणे, जोडणे आणि आवरून ठेवणे हे तिन्ही धडे त्या एका पेटीत आहेत. सुतारास जसा रंधा, शेतकऱ्यास जसा नांगर, तसे मुलास खेळणे होय. १९८९ साली संयुक्त राष्ट्रांनी बालकांच्या हक्कांचा जो करार केला, त्याच्या ३१ व्या कलमात खेळ हा मुलाचा हक्क म्हणून नमूद आहे, आणि भारताने तो करार १९९२ साली मान्य केला. तेव्हा आपण मुलास खेळणे देतो ते केवळ उपकार म्हणून नव्हे. त्यात काही अंशी देणे फेडणेही आहे.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ज्याच्या घरी विकतचे खेळणे नाही त्यास खेळच नाही, असे देणाऱ्याने समजू नये. चिंचोके, गारगोट्या, चिखलाचे बैल आणि ताडाच्या पानाची भिंगरी ह्यांवर आमची खेडी पिढ्यान्‌पिढ्या खेळली आहेत. ताराबाई मोडक ह्यांनी १९४५ साली बोर्डी येथे काम आरंभिले, तेव्हा अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. ह्या दोघींनी शिक्षणाची महाग साधने बाजूस ठेवून शंख, खडे, पाने, बिया अशा गावच्याच वस्तू मुलांच्या हाती दिल्या, आणि मुले शाळेत येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. ज्यास द्यावयाचे त्याच्याजवळ आधीच काय आहे हे पाहून त्याचा मान राखणे, ही देण्याची पहिली पायरी होय.

आता काय द्यावे? ह्यास कसोटी सोपी आहे. जे खेळणे आपण आपल्या पाहुण्याच्या मुलापुढे ठेवू शकत नाही, ते दुसऱ्या कोणत्याही मुलास देऊ नये. जुने असणे हा दोष नाही. परंतु चाक नसलेली गाडी व मान तुटलेली बाहुली दिल्याने आपले घर स्वच्छ होते, मुलास मात्र आपली किंमत काय ते कळते. शिवाय धोकाही पाहावा. सुमारे सव्वा इंच व्यासाच्या नळीत मावेल असा सुटा भाग तीन वर्षांखालील मुलाच्या घशात अडकू शकतो. जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दर दहा लाख भागांत ९० भागांपुरते ठेवण्याचा नियम २०१६ साली झाला. म्हणून ज्याचा जुना रंग खपल्या होऊन निघत आहे असे खेळणे देऊच नये.

कसे द्यावे, ह्याचे उत्तर आम्हांस लाकडी पेटीत दिसते. एकेका मुलास एकेक खेळणे वाटले म्हणजे ‘हे माझे, ते तुझे’ असे भांडण जन्मास येते. तेच सर्वांच्या पेटीत ठेविले म्हणजे ‘हे आपले’ असे म्हणावयास मूल शिकते. पेटीस फार खर्च नाही. आंब्याच्या फळ्या, एक सुतार व दोन दिवसांचे श्रम एवढे पुरे. उंची इतकीच ठेवावी की चार वर्षांच्या मुलाचा हात उभ्या उभ्या तळापर्यंत पोचेल. कडा रंध्याने गोल कराव्या व पॉलिशकागदाने घासाव्या, म्हणजे कुसळ लागत नाही. जड झाकण मुलाच्या मानेवर किंवा बोटांवर पडते. म्हणून झाकण नसलेलेच बरे, आणि असल्यास हलके व सुटे असावे. मूल लपावयास आत शिरले तर त्याचा श्वास कोंडू नये म्हणून बाजूंस भोके पाडावी. आणि कडी किंवा कुलूप कदापि लावू नये.

ह्या शेवटच्या गोष्टीवर कित्येक सुज्ञ माणसे हरकत घेतील. ‘कुलूप नसले तर महिन्याभरात सर्व मोडून जाईल,’ असे ते म्हणतील. ही भीती खोटी नाही. परंतु मुलांनी मोडू नये म्हणून उंच कपाटात ठेविलेली, पाहुणे आले म्हणजेच बाहेर निघणारी खेळणी आम्ही पाहिली आहेत. ती शाबूत राहतात हे खरे, पण ती मुलांस दिलेली आहेत असे म्हणता येईल काय? जे दिसते पण हाती येत नाही, ते नसण्याहून अधिक दुःख देते. हाताळून झिजलेले खेळणे वाया गेले नाही; ते आपल्या कामी आले. मोडतोड कमी करावयाची असेल तर कुलपाहून चांगला उपाय फ्रोबेलाने दाखविला आहे. रोज खेळ संपल्यावर मुलांनीच सर्व वस्तू मोजून पेटीत ठेवाव्या, आणि मोडलेली वस्तू मोठ्यांनी त्यांच्यादेखत दुरुस्त करावी. जे आपण आवरतो व सांधतो, त्याची आपणांस माया लागते.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ह्यातूनच निघते. दिलेल्या वस्तूवर देणाऱ्याचा हक्क उरत नाही. पेटीवर ठळक अक्षरांनी आपले नाव लिहिणे, मुलांस रांगेत उभे करून आभार म्हणावयास लावणे, खेळणे हाती देता देता छायाचित्र काढणे, ह्या सर्वांनी आपण दिलेले अर्धे परत घेतो. मुलाच्या हाती खेळणे उरते आणि मनात ऋण उरते. देणारा निघून गेल्यावर जे मूल पेटीतील ठोकळा निर्धास्तपणे उचलते, त्यासच खरे दान पोचले.

आईबापांसही एक शब्द. आपल्या मुलास औदार्य शिकवावे म्हणून कित्येक जण त्याचे आवडते खेळणे त्याच्या हातून काढून दुसऱ्यास देतात. अशाने मूल देणे शिकत नाही. बलवानाने घ्यावे व दुर्बळाने गमवावे, हे मात्र शिकते. त्यास विचारावे, थांबावे, आणि त्याने ‘नाही’ म्हटले तर तेही ऐकावे. त्यापेक्षा पेटी करताना त्यास शेजारी बसवून पॉलिशकागद हाती द्यावा. ज्या हातांनी दुसऱ्यासाठी फळी घासली, ते हात पुढे कधी तरी आपण होऊन पेटीत काही ठेवतील.

ज्या मंडळीत एक सुतार व चार रिकाम्या सायंकाळी आहेत, तेथे ही पेटी होऊ शकते. शब्बाथ शाळेच्या खोलीत किंवा गावच्या अंगणवाडीत, तेथील बाईंस विचारून, ती ठेवावी. ती भरलेली आहे की नाही एवढेच न पाहता, वर्षाअखेर तिच्या कडा किती झिजल्या आहेत, हेही मंडळीने जाऊन पाहावे.