सांडव्याचे सुख

तहानलेल्या मुलखात पाण्याशी खेळावे काय? हा प्रश्न आम्हांला धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्गच्या किल्ल्यात पडला. पावसाळा सरता सरता धर्मग्रामातील काही कुटुंबांसमवेत आम्ही तेथे सहलीला गेलो होतो.

बालाघाटच्या डोंगराळ भागातील या किल्ल्यात इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या कारकिर्दीत, इ. स. १६१३ मध्ये, बोरी नदीवर दगडी बंधारा बांधण्यात आला. त्या भिंतीच्या पोटातच पाणीमहाल आहे. जलाशय भरला की ‘नर’ आणि ‘मादी’ नावाच्या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळते. महालाच्या गवाक्षात बसलेल्याच्या डोळ्यांसमोरून ती धार पडते, पण त्याचे वस्त्र कोरडेच राहते. अलीकडच्या काळात किल्ल्यात बागाही फुलविण्यात आल्या.

मुले हरखून गेली. एक आजी मात्र गप्प होत्या. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी रोजगार हमीवर खडी फोडली होती. त्या म्हणाल्या, “फादर, एवढं पाणी नुसतं बघायचं?” आम्हांला उत्तर सुचले नाही.

सुचले नाही, कारण मनात २०१६ चा एप्रिल उभा राहिला. शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत दहा वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी आले. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे पुढील सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्यास सांगितले. आम्ही त्या निकालाचे कौतुक केले. आणि आमच्याच आवारातील हिरवळ त्या उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर जगत होती! फाटकाबाहेर बायाबापड्या हंडे घेऊन उभ्या असत.

मग काय, आनंदच निषिद्ध मानावा? संत थॉमस अक्वायनस तसे मानीत नाहीत. शरीराला जशी विश्रांती, तसा मनाला विरंगुळा आवश्यक आहे, असे ते सांगतात. मात्र गरजेहून अधिक जे आपल्यापाशी असते ते गरिबांचे देणे आहे, हेही त्यांनीच ‘सुम्मा थिऑलॉजिए’त मांडले आहे. या दोन वचनांचा मेळ कसा घालावा, हे सेमिनरीत आम्हांला उमगले नव्हते. पाणीमहालाने ते दाखविले.

तेथील भिंतीचे पहिले काम पाणी अडविण्याचे, महाल त्यानंतरचा. आजही वरच्या अंगाचे बोरी धरण भरून वाहू लागल्यावाचून किल्ल्यातील धबधबे पुरते जागे होत नाहीत. म्हणजे आधी गावांचे हंडे, मग डोळ्यांचे सुख. शिवाय पाहणाऱ्याने पाहिलेले ते पाणी संपत नाही. बोरीच्या पात्रातून ते खालच्या गावांकडे जाते आणि पुढे भीमेला मिळते. आपण आनंद घेतला, तरी शेजाऱ्याच्या वाट्यातील थेंब कमी झाला नाही.

आमची हिरवळ याच्या नेमकी उलट होती. ते सुख भरून वाहिलेले नव्हते. कोणाच्या तरी हंड्यातून काढून घेतलेले होते.

परतताना आम्ही आजींना एवढेच म्हणालो, “हे पाणी पुढे गावांना जातं, आजी. आपण वाटेत उभे राहून पाहिलं.” त्या किंचित हसल्या आणि मग कठड्याशी जाऊन बराच वेळ धबधबा पाहत राहिल्या. हिरवळीच्या जागी आता आमच्याकडे मुरूम आहे. उन्हाळ्यात तो रखरखीत दिसतो खरा. पण फाटक उघडताना मान खाली घालावी लागत नाही.